मदत हवी आहे : अपघात विभागात आणि रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू होणाऱ्यांनी काय वाचावे?

सर्वांना नमस्कार.

मी कोकणात, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात परिसेविका आहे आणि अपघात विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे काही नव्या अधिपरिचारिका, आंतरवासिता करणारे विद्यार्थी आणि १०८ च्या गाडीवर काम करणारी काही तरुण मंडळी येत आहेत. ड्युटी रूममधल्या कपाटाचा एक कप्पा त्यांच्यासाठी पुस्तकांचा करावा, असे वैद्यकीय अधीक्षकांशी बोलून ठरले आहे. त्या कप्प्यात काय असावे, याविषयी आपणा सर्वांची मदत हवी आहे.

मला हवे असलेले वाचन कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी स्पष्ट करते. आपत्कालीन वैद्यकशास्त्राला आपल्या देशात स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता २००९ साली मिळाली. त्या अभ्यासक्रमासाठी टिंटिनाली आणि रोझेन यांच्या नावाने ओळखले जाणारे जाडजूड ग्रंथ आहेत आणि संदर्भासाठी ते उत्तमच आहेत. परंतु रात्री दोन वाजता एकटीने कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीला त्या ग्रंथांतून वाट सापडत नाही, कारण त्यांत सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि तज्ज्ञांची फळी हाताशी असल्याचे गृहीत धरलेले असते. आमच्याकडे पहिली दहा मिनिटे महत्त्वाची असतात. कोणाकडे आधी धावायचे, काय इथेच करायचे आणि कोणाला तात्काळ जिल्हा रुग्णालयात रेफर करायचे, हा निर्णय घ्यायला शिकवणारे वाचन मला हवे आहे.

त्या दृष्टीने आजवर सर्वांत उपयोगी ठरलेली पुस्तिका म्हणजे जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेली 'बेसिक इमर्जन्सी केअर'. ती मोफत मिळते, तिची भाषा सोपी आहे आणि अत्यल्प साधनांत काम करणाऱ्यांसाठीच ती लिहिलेली आहे. श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि अखेरीस अंगावरचे कपडे काढून केलेली पूर्ण तपासणी हा क्रम ती वाचणाऱ्याच्या अंगवळणी पाडते. नवख्या माणसाचे लक्ष नेहमी जास्त ओरडणाऱ्या आणि जास्त रक्त दिसणाऱ्या रुग्णाकडे जाते, तर कोपऱ्यातल्या स्ट्रेचरवर गप्प पडून भराभर श्वास घेणारा दुसरा दुचाकीस्वार खरा धोक्यात असतो. हा क्रम पक्का बसला की त्या गप्प रुग्णाकडे लक्ष जाते, हे मी माझ्या विभागात पाहिले आहे. ही पुस्तिका मराठीत आणण्याचे काम कोणी केले असल्यास कृपया कळवावे.

सर्पदंशाविषयी मात्र मला अधिक वाचन हवे आहे, कारण आमच्याकडे जून ते ऑक्टोबर या काळात हाच विषय रोजचा असतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाची २०१६ ची पुस्तिका या दोन्ही मी छापून ठेवल्या आहेत. त्यांतल्या काही गोष्टी नव्या मुलींना तोंडपाठ असाव्यात असा माझा आग्रह असतो. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. कोरडी, स्वच्छ काचेची परीक्षानळी घ्यायची, तिच्यात दोन मिलिलिटर रक्त ठेवायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही आणि मग एकदाच तिरकी करून पाहायचे, एवढीच ती चाचणी आहे. परंतु नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल, तर चाचणीचा निकाल चुकतो आणि विषबाधा नसलेल्या रुग्णाला प्रतिविष दिले जाण्याची शक्यता निर्माण होते. फुरसे चावल्यावर रक्तातला दोष उशिराही प्रकट होऊ शकतो, म्हणून पहिली चाचणी चांगली आली तरी ती पुन्हा पुन्हा करावी लागते. मण्यारीचे याहून वेगळे असते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दंशाची खूण बहुधा दिसतही नाही आणि पहाटे रुग्ण पोट दुखत असल्याची तक्रार घेऊन येतो. त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या आहेत का, हे पाहायचे ज्याला सुचते, तोच त्याला वाचवू शकतो. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकेच प्रतिविष द्यावे लागते, कारण सापाने सोडलेले विष माणसाच्या वयाप्रमाणे कमी होत नाही. हे कारण वाचून समजलेली मुलगी मात्रा विसरत नाही. अशी कारणांसह समजावणारी, प्रत्यक्ष रुग्णांच्या हकिकती सांगणारी पुस्तके किंवा लेख आपल्याला ठाऊक असल्यास ते मला सर्वांत आधी हवे आहेत.

याच कारणासाठी मी प्रत्येक नव्या व्यक्तीला महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मकथन वाचायला देते. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण उशाशी बसून पाहिले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि मग फुप्फुसांत साठणारे पाणी हा क्रम त्यांनी टिपून ठेवला आणि प्राझोसिन हे औषध त्या रुग्णांसाठी वापरले. त्यांचे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. जगभर वापरले गेलेले ज्ञान आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात, नाडीवर बोट ठेवून मिळवलेले आहे, हे तरुणांना कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. मराठीत मी आणखी एक पुस्तक ठेवले आहे, ते म्हणजे डॉ. रवी बापट यांचे 'वॉर्ड नंबर पाच, केईएम'. ते शल्यचिकित्सेविषयी आहे, तरीही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातले काम कसे चालते, याचे भान त्यातून येते.

कीटकनाशकांच्या विषबाधेवर मला सोप्या भाषेतले काही सापडलेले नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना झालेल्या विषबाधांनंतर हा विषय सर्वांसमोर आला, पण आमच्या आंब्याच्या पट्ट्यातही असे रुग्ण येतात. ॲट्रोपिन या औषधाची मात्रा दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यायची आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत थांबायचे नाही, डोळ्यांतल्या बाहुल्या किंवा नाडी यांपैकी एकाच गोष्टीवर विसंबायचे नाही, रुग्णाचे कपडे आधी काढायचे आणि आपल्या हातांत हातमोजे असावेत, एवढे दोन पानांत नीट समजावणारे लेखन मिळाल्यास मी ते भिंतीवर लावीन.

कायद्याविषयीचे वाचन मी थोडक्यात ठेवले आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली दिलेला निर्णय आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १३४-अ यांची माहिती छापून लावली आहे. एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणांच्या, कागदपत्रांसाठी उपचार थांबवायचे नाहीत आणि अपघातग्रस्ताला घेऊन येणाऱ्याला त्याच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवायचे नाही, हे त्यामुळे सर्वांना ठाऊक असते.

रुग्णवाहिकेवरच्या मंडळींसाठी मला इंग्रजीत केव्हिन हॅझर्ड यांचे 'अमेरिकन सायरन्स' हे २०२२ चे पुस्तक फार आवडले. पिट्सबर्ग शहरात १९६७ साली सुरू झालेल्या फ्रीडम हाऊस या रुग्णवाहिका सेवेचा तो इतिहास आहे. कृष्णवर्णीय वस्तीतल्या ज्या तरुणांना कोणी नोकरीवर ठेवत नव्हते, त्यांना डॉ. पीटर साफार यांनी शिकवले आणि त्या तरुणांनी रस्त्यावर दिल्या जाणाऱ्या उपचारांचा दर्जा घडवला. पुढे तिथे वैद्यकीय संचालक झालेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी लिहिलेले 'इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स' हे पाठ्यपुस्तक आजही नव्या आवृत्त्यांत वापरले जाते. आमच्या गाडीवरच्या पायलटदादांना, म्हणजे चालकांना, ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी स्पाइन बोर्ड आणि मानेचा पट्टा लावण्याचा सराव आपणहून मागितला. इंग्रजी न वाचणाऱ्यांना देता येईल असे काही मराठीत किंवा हिंदीत आहे का?

आता ज्या विषयांवर माझ्याकडे काहीच नाही, ते सांगते. नातेवाइकांना मृत्यूची बातमी कशी सांगावी, विशेषतः दारात वीस-पंचवीस माणसे जमलेली असताना आणि आवाज चढलेले असताना, याविषयी आपल्या समाजाची रीत जाणून लिहिलेले मार्गदर्शन मला सापडलेले नाही. परदेशी पुस्तकांत शांत खोली, दोन खुर्च्या आणि एक नातेवाईक असे चित्र असते. आमच्याकडे वॉर्डातले मदतनीस मामा आणि मावशी यांनाही त्या गर्दीला सामोरे जावे लागते. दुसरा विषय म्हणजे गाडीवरून विभागात आणि विभागातून पुढच्या रुग्णालयात रुग्ण सोपवताना काय आणि कोणत्या क्रमाने सांगावे हा आहे. तिसरा विषय स्वतःला सावरण्याचा आहे. लहान मूल दगावल्यावर त्याच पाळीत पुढचा रुग्ण पाहावा लागतो आणि नव्या मुली त्याविषयी घरीही बोलत नाहीत. या कामात टिकून राहिलेल्या कोणी याविषयी प्रांजळपणे लिहिले असल्यास, मग ते पुस्तक असो वा दिवाळी अंकातला लेख, त्याचे नाव अवश्य द्यावे.

पुस्तक सुचवताना ते कोणी वाचावे, म्हणजे परिचारिकेने, डॉक्टरांनी की गाडीवरच्या पायलटने, एवढे सोबत लिहिल्यास मला निवड करणे सोपे जाईल. ज्यांनी स्वतः कॅज्युअल्टीत किंवा रुग्णवाहिकेवर काम केले आहे, त्यांनी त्या पुस्तकातली कोणती गोष्ट प्रत्यक्ष कोणत्या रुग्णाच्या वेळी उपयोगी पडली, हेही शक्य असल्यास सांगावे, परंतु रुग्णाची ओळख पटेल असे काही लिहू नये. खरेदीची मागणी या महिनाअखेरीस पाठवायची आहे, म्हणून मराठीतली नावे आधी कळवल्यास उपकार होतील.