सुदानच्या युद्धात यूएईची शस्त्रं, अफवा म्हणून सोडायचं का?

रावेरकर: सुदानमध्ये एप्रिल 2023 पासून लष्करप्रमुख बुरहानचं सैन्य आणि हेमेदतीची आरएसएफ ही निमलष्करी फौज भिडलेत. आरएसएफला यूएई शस्त्रं पुरवतं असा आरोप आहे, यूएई साफ नाकारतं आणि इथे बरेच जण अफवा म्हणून मोकळे होतात. मला नाही पटत. युनोच्या तज्ज्ञ पॅनेलने जानेवारी 2024 मध्येच आरोप विश्वासार्ह आहेत असं लिहिलंय, अबुधाबीची विमानं शेजारच्या चाड देशात पूर्वेला अमजारासला उतरायची आणि तिथून माल सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुरात जायचा, आणि दारफुरवर तर 2004 पासून शस्त्रबंदी आहे!

धुळेकर: भाऊ, आरोप म्हणजे निकाल नाही. सुदानने हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात यूएईवर वंशसंहाराला मदत केल्याची केस टाकली ती कोर्टाने 5 मे 2025 ला काढून टाकली, अजून काय पाहिजे? बुरहान तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे, त्याच्याकडे इराणी ड्रोन असल्याच्या बातम्या आहेतच की. आपली पोरं दुबईत कामाला, तुमची केळी आखातात जाते, भारताने फुकटचा वाईटपणा का घ्यायचा?

रावेरकर: आरोप खोटे निघाले म्हणून नाही काढली केस. वंशसंहार करारात येताना यूएईने कलम 9, म्हणजे वाद या कोर्टात नेण्याचं कलम, मान्य नाही अशी अट घातली होती, म्हणून अधिकारक्षेत्रच नाही म्हणालं कोर्ट, पुराव्यात शिरलंच नाही. आणि बल्गेरियाने यूएईला विकलेले तोफगोळे सुदानमध्ये सापडले, पुढे द्यायची परवानगी आम्ही दिली नव्हती असं बल्गेरियाच सांगतं. हे कसं झालं?

चोपडेकर: दिल्ली गप्पच राहणार भो, कलम 9 ला आपण पण 1959 मध्ये तशीच अट घातलीय. आणि सोनं विसरू नका, युद्धात दोन्ही बाजूंचं बरंच सोनं दुबईलाच गेलंय, म्हणजे बुरहानने केस पण केली आणि धंदा पण तिथेच.

धुळेकर: मग मी तेच म्हणतो ना, मधे दलाल असू शकतो, थेट सरकारवर कसं ढकलता?

रावेरकर: दलाल असेल तर यूएईने नाव सांगावं, माल त्यांनी घेतला होता. दारफुरातल्या अल फाशर शहराला आरएसएफचा दीड वर्ष वेढा होता, लोकांनी शेंगदाण्याची ढेप खाल्ली, जी आपण म्हशीला घालतो ती, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये शहर पडलंच. यूएईशी भांडा असं मी म्हणत नाही, पण शस्त्रबंदी फक्त दारफुरपुरती आहे, ती पूर्ण सुदानला लावा, दोन्ही बाजूंना, एवढं तरी भारताने उघड म्हणावं.