मदत हवी आहे : वीरांचे टाक कोणी न्यायचे?

नमस्कार मंडळी, जुन्या नाशिककरांना विचारायचंय. आमच्या देवघरात वीरांचे 2 चांदीचे टाक (प्रतिमा उठवलेले छोटे पत्रे) आहेत. धुळवडीच्या दुपारी सासरे ते खोबऱ्याच्या वाटीत घालून, फडक्यात बांधून वाजतगाजत रामकुंडावर न्यायचे. गोदावरीत स्नान, मग येताना पेटलेल्या होळीभोवती फेऱ्या. (रंग आपल्याकडे रंगपंचमीला, त्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्यांना ही धुळवड कोरडीच वाटते!) घराण्यात लढाईत किंवा अकाली गेलेल्या पुरुषांची ही आठवण, एवढंच त्यांनी सांगितलेलं.

सासरे गेल्या श्रावणात गेले. अहो नोकरीमुळे पुण्यात, मुलगा 8 वर्षांचा. त्याला देवाचा पोशाख घालून न्यायला मी तयार आहे, पण वर्ष पूर्ण झालेलं नाही, म्हणून यंदा टाक बाहेर काढायचेच नाहीत असं जाऊबाई म्हणतात. आत्येसासूबाई म्हणतात, वीर चुकवायचे नसतात, भावकीतल्या कुणाच्या तरी हाती द्या.

तुमच्याकडे अशा वर्षी काय करतात? सुनेने टाक नेलेले चालतात का? आणि नैवेद्य पुरणपोळीचाच की साधा वरणभातही चालतो? होळी तोंडावर आली आहे, लवकर सांगा.