गेम जिनी वापरणे गैर आहे का?

प्रश्न:
मी न्यू जर्सीत राहतो. गेल्या महिन्यात शेजारच्या गॅरेज सेलमध्ये मला निन्टेंडोचा जुना एनईएस (टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र), दोन कंट्रोलर आणि आठ-दहा कॅसेट मिळाल्या, आणि त्यांच्यासोबत गॅलूब कंपनीचे गेम जिनी, म्हणजे कोड भरून खेळात बदल करणारे जोडउपकरणही मिळाले. माझा नऊ वर्षांचा मुलगा सुपर मारिओ ब्रदर्सच्या आठव्या जगात कित्येक दिवस अडकून पडला होता. गेम जिनीच्या पडद्यावर ‘एसएक्सआयओपीओ’ ही सहा अक्षरे भरल्यावर मारिओच्या लाइफ संपेनाशा झाल्या आणि त्याला पहिल्यांदाच शेवटचा किल्ला पाहायला मिळाला. जुनी यंत्रे जमवणाऱ्या माझ्या मित्राचे मात्र म्हणणे आहे की ही वस्तू बेकायदेशीर आहे, तिने खेळाची मोडतोड होते आणि यंत्रही खराब होते. यात कितपत तथ्य आहे?

पहिले उत्तर:
आपल्या मित्राचे पहिले दोन्ही आक्षेप मला मान्य नाहीत. गेम जिनी ब्रिटनच्या कोडमास्टर्सने तयार केले आणि अमेरिकेत गॅलूबने बाजारात आणले. निन्टेंडोचा त्याला कडाडून विरोध होता. 1990 साली प्रकरण कोर्टात गेले, विक्रीवर मनाई हुकूम आला आणि जवळपास वर्षभर अमेरिकी ग्राहकांना ते मिळाले नाही. कॅनडात मात्र ते विकले जात होते. 1991 मध्ये निकाल गॅलूबच्या बाजूने लागला, 1992 मध्ये अपील कोर्टानेही तो कायम ठेवला आणि थांबलेल्या विक्रीची भरपाई म्हणून निन्टेंडोला दीड कोटी डॉलर मोजावे लागले. ज्याने कॅसेटची पूर्ण किंमत दिली आहे, त्याने आपल्या घरी, आपल्या आनंदासाठी ती वेगळ्या रीतीने खेळली तर त्यातून त्या खेळावर बेतलेली नवी कृती तयार होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता, आणि मला तो आजही पूर्णपणे पटतो.

मोडतोडीविषयी बोलायचे, तर गेम जिनी काय करते ते पाहावे. ते कॅसेट आणि यंत्र यांच्या मधोमध बसते. यंत्र कॅसेटमधील एखाद्या पत्त्यावरची (म्हणजे माहिती साठवलेल्या ठरावीक जागेवरची) माहिती मागते, तेव्हा तो पत्ता आपण भरलेल्या कोडशी जुळला तरच गेम जिनी मूळ आकड्याऐवजी आपला आकडा पुढे सरकवते. एरवी सगळे जसेच्या तसे जाऊ देते. सहा अक्षरांच्या कोडमध्ये पत्ता आणि नवा आकडा असतो, तर आठ अक्षरांच्या कोडमध्ये तिथला मूळ आकडाही असतो, कारण मोठ्या कॅसेटमध्ये एकाच पत्त्यावर आळीपाळीने वेगवेगळे भाग येतात आणि बदल नेमक्या भागातच व्हावा लागतो. यंत्र बंद केले की बदल गेला. कॅसेटमधील एक अक्षरही पुसले जात नाही. इतक्या विचारपूर्वक बनवलेल्या वस्तूला केवळ ‘फसवणुकीचे खेळणे’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. नऊ वर्षांच्या मुलाला शेवटचा किल्ला दिसला, यात कोणाचेही काही हिरावले गेलेले नाही.

दुसरे उत्तर:
मी वरील मताशी सहमत आहे, परंतु तिसरा आक्षेप झटकून टाकू नये. गेम जिनीची कड नेहमीच्या कॅसेटपेक्षा जाड असते आणि ती एनईएसच्या 72 पिनांच्या कनेक्टरमध्ये घट्ट बसते. वारंवार वापरल्याने पिना फाकतात आणि मग साध्या कॅसेट नीट लागत नाहीत, दिवा लुकलुकत राहतो. माझ्या यंत्राचे असेच झाले. घाईने मागवलेला नवा कनेक्टर तर इतका घट्ट निघाला की कॅसेट ओढून काढावी लागे. अखेर जुनाच कनेक्टर पाण्यात उकळून, दोन दिवस पूर्ण वाळवून परत बसवला आणि यंत्र सुरळीत चालू लागले. गेम जिनी लावल्यावर ट्रे खाली दाबू नये, ते सरळ रेषेत ओढून काढावे आणि खेळ संपल्यावर आत ठेवू नये. एवढी काळजी घेतली तर भीतीचे कारण नाही.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचेही मनापासून आभार. मुलाला आजच सरळ ओढून काढायला शिकवले. नाशिकच्या घरी माझ्या लहानपणीचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम अजून जपून ठेवला आहे. त्यावर हे चालेल का?

दुसरे उत्तर देणारे:
तो फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या जपानी रूपाच्या, धर्तीचा असेल, तर त्याच्या कॅसेटला 60 पिना असतात, त्यामुळे हे गेम जिनी त्यात थेट बसणार नाही. कृपया जोर लावून पाहू नका.