दूध नको म्हणणारे आपण : अनुभव लिहा

जास्वंदीची मालकीण
काल रात्री लेकीने अर्धा पेला तसाच ठेवला. म्हणाली, "आई, दूध प्यालं की पोटात बेडूक ओरडतात." मी हातात भांडं घेऊन तशीच उभी राहिले. सात वर्षांची असताना मी असलंच काहीतरी सांगत होते, कोणी ऐकलं नव्हतं.

डिचोलीचं घर. सकाळी सातला आजी स्टीलच्या पेल्यात दूध द्यायची, वर जाड साय. तिची पाठ वळली की मी ते मागच्या दारी जास्वंदीला घालायची. जास्वंद माजली, मी मात्र 'नखरेल' ठरले. ज्या दिवशी पकडली जाऊन प्यावं लागे त्या दिवशी शाळेत पहिल्या तासालाच पोट टम्म, गुडगुड, आणि बाई बाहेर सोडत नसत. पुढचं सांगत नाही.

चौतिसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "प्याल्यावर किती वेळाने होतं?" मी म्हटलं तासाभराने. दोन आठवडे दूध बंद करायला लावलं, मग उपाशीपोटी एक पेला. बेडूक हजर. दुधातली साखर (लॅक्टोज) पचवणारं लॅक्टेज लहान आतड्यात कमी पडतं, एवढंच. नखरे नव्हेत. आजी आता नाही, नाहीतर तिला सांगितलं असतं. जास्वंदीचंसुद्धा.

तुमचं कसं कळलं?

सायकलवाला पोदेर
चतुर्थीला पायस खाऊन मी आरतीच्या मध्येच पळालो होतो. घरचे अजून म्हणतात देवाने बोलावलं

काणकोणची सून
ताई, आमचं वेगळं आहे म्हणून जरा मोठं लिहिते, बाळ झोपलंय तोवर.

मुलगा आठ महिन्यांचा होता. सासूबाईंनी प्रेमाने चमचाभर दही चाटवलं. दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, मग उलटी. श्वासाला घरघर लागली तेव्हा ह्यांनी गाडी काढली ती थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. तिथे इंजेक्शन दिलं, अॅड्रेनलिनचं, आणि रात्रभर ठेवून घेतलं. ही पोटाची तक्रार नव्हे, ही अॅलर्जी. शरीर दुधातल्या प्रथिनांनाच शत्रू समजतं. इथे 'थोडंसं चालेल' नसतं, आणि घरी 'परत देऊन बघू' तर नसतंच नसतं. लेबलवर केसीन, व्हे (दोन्ही दुधातलीच प्रथिनं), दूध पावडर शोधत बसते मी. बिस्किटात सुद्धा निघते.

शेजारच्या मावशी म्हणाल्या शेळीचं दे, हलकं असतं. डॉक्टर नको म्हणाले, त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच. बरीच मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात म्हणे. तपासणी त्यांच्याच देखरेखीखाली करायची. वाट बघतोय. सासूबाई अजून त्या चमच्याबद्दल रडतात, मीच समजूत काढते.

सायकलवाला पोदेर
बापरे. माझा विनोद मागे घेतो वहिनी. बाळ आता बरं ना?

काणकोणची सून
एकदम. आत्ता उठलं बघा. बाकी नंतर

तिठ्यावरचा
मी ए-टू दूध लावलं होतं महागडं. ए-टूमध्ये प्रथिन वेगळं, लॅक्टोज तेवढंच! सहा महिने पैसे देऊन पोट फुगवून घेतलं.

मांडवीकाठ
माझी श्वासाची टेस्ट झालीय. लॅक्टोजचं पाणी पाजतात आणि मग ठरावीक वेळाने नळीत फुंकायचं, दोन-तीन तास. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू ती आंबवतात, हायड्रोजन होतो, तो रक्तातून श्वासात येतो. मशीनवर आकडा चढताना बघून इतका आनंद झाला की काय सांगू. वर्षानुवर्षं 'तुझ्या मनाचे खेळ' ऐकलं होतं.

मला दही चालतं, विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच खातात. तुपात तर नावालाच असतं. पण सेरादुरा? चार चमच्यांत निकाल. क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क, दुसरं आहे काय त्यात.

पेडण्याची आई
धाकट्याला जुलाब झाले होते, त्यानंतर तीन आठवडे दूध पचेना. मी घाबरले. डॉक्टर म्हणाल्या जुलाबाने आतड्याचं अस्तर दुखावतं, तात्पुरतं असतं. आता गटागटा पितो. म्हणजे सगळंच कायमचं नसतं हो.

जास्वंदीची मालकीण
@पेडण्याची आई हे माहीत नव्हतं. लेकीला दाखवूनच घेते आधी, स्वतःचं तिच्यावर चिकटवायला नको. पण मग कॅल्शियमचं काय करता सगळे?

मांडवीकाठ
तारले मासे काट्यासकट, तीळ, नाचणी.

फोंड्याची सुगरण
तिझण कर गो! नाचणी भिजवून वाटायची, गाळायची, सत्त्व खाली बसलं की वरचं पाणी ओतून टाकायचं. मग गूळ, नारळाचा रस, वेलची, आणि मंद आचेवर ढवळत राहायचं, हात थांबला की गाठी झाल्याच. शेवटी चमचाभर मीठ नव्हे हं, चिमूट. माझ्या नणंदेने एकदा चमचा घातला होता. थंड झालं की वड्या पडतात. फक्त नारळाच्या रसात दुधासारखं कॅल्शियम नसतं, ते नाचणीतून.

तिठ्यावरचा
नारळाचा भाव बघितलात का सुगरणबाई

फोंड्याची सुगरण
घरचे माड आहेत. पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही हे दुखणं. दोन महिने झाले, 'उद्या येतों' सांगतो.

सायकलवाला पोदेर
आमचाही तोच असणार. नंबर कुठल्याने सुरू होतो?

तिठ्यावरचा
मणगणंही नारळाच्या रसातलं, सोलकढीही, बेबिंकातही तोच रस. आपल्या आज्यांनी अर्धी सोय आधीच करून ठेवलीय, फक्त सकाळचा तो पेला तेवढा राहिला

जास्वंदीची मालकीण
बेबिंकात तूप ढीगभर असतं. म्हणजे मला चालतं, काणकोणच्या बाळाला नको. लेकीला आज पेला दिलाच नाही. विचारत होती, "मग जास्वंदीला घालू?" हिला कोणी सांगितलं!