प्रभुभोजनाचा नियम आणि कापसाची वेचणी

प्रश्न (दारव्हा तालुका)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमची ख्रिस्ती मंडळी पंधरा-सोळा कुटुंबांची आहे आणि मी तिचा सेक्रेटरी आहे. उपासनेला येणारे कमी होऊ लागले, म्हणून तीन वर्षांपूर्वी कमिटीने ठराव केला की, जो सभासद सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन रविवार गैरहजर राहील त्याला पुढचे प्रभुभोजन, म्हणजे प्रभू येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, घेता येणार नाही. तो ठराव माझ्याच हस्ताक्षरात आहे.

यंदा दिवाळीनंतरच्या अवकाळी पावसात फुटलेली बोंडे भिजली आणि ऊन पडताच गावभर एकाच वेळी वेचणीची घाई सुरू झाली. आमच्यातील एक विधवा बहीण, जिला किलोमागे मजुरी मिळते आणि जिच्या घरात दुसरे कमावते कोणी नाही, तीन रविवार पऱ्हाटीतच, म्हणजे कापसाच्या शेतातच, होती. चौथ्या रविवारी ती आली, तेव्हा भाकर वाटण्यापूर्वी मी पाळकसाहेबांना हजेरीची यादी दाखवली आणि त्यांनी तिला थांबायला सांगितले. ती काही बोलली नाही. पदर पुढे ओढून आशीर्वाद होईपर्यंत बसून राहिली. मी नियम पाळला, तरीही माझे मन शांत नाही. एकीला सूट दिली तर उद्या प्रत्येकाजवळ कारण असेल, हेही मला दिसते. मी चुकलो का?

उत्तर (अचलपूर, निवृत्त पाळक)

भाऊ, बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 12 वा अध्याय पुन्हा वाचावा. येशूच्या शिष्यांना भूक लागली होती आणि ते शेतातून जाताना कणसे मोडून खात होते. दुसऱ्याच्या शेतातील कणसे हाताने तोडण्याची मुभा बायबलच्या ‘अनुवाद’ या नियमशास्त्राच्या पुस्तकात, 23:25 मध्येच आहे, फक्त विळा चालवायचा नाही. त्यामुळे परूश्यांचा, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटाचा, आरोप चोरीचा नव्हता, शब्बाथाच्या म्हणजे विसाव्याच्या दिवशी काम केल्याचा होता. प्रभूने त्यांना दाविदाची आठवण दिली, ज्याने भुकेच्या वेळी याजकांसाठी राखलेल्या समर्पित भाकरी खाल्ल्या, आणि मग होशेय संदेष्ट्याचे वचन सांगितले: मला दया पाहिजे, यज्ञ नको. हेच वचन प्रभूने त्याआधी, लोक पापी समजत त्या जकातदारांच्या पंक्तीला बसल्याबद्दल दोष दिला गेला तेव्हाही, 9 व्या अध्यायात उच्चारले आहे.

आणखी एक गोष्ट. तुमच्याच ठरावात ‘सबळ कारणाशिवाय’ असे शब्द आहेत. ते कारण तिला कोणी विचारले का?

उत्तर (चांदूर रेल्वे)

मला सेक्रेटरींची बाजूही समजते. शिस्त नसेल तर लहान मंडळ्या विस्कटतात, हे मी आमच्याकडे पाहिले आहे. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 11) अयोग्य प्रकारे भाकर खाणाऱ्याला कडक इशारा दिला आहे. प्रभूची मेज राखणे हेही प्रेमच नाही काय?

उत्तर (अचलपूर, निवृत्त पाळक)

मेज राखलीच पाहिजे. पण पौल ती कोणापासून राखत होता, हे त्याच अध्यायाच्या 21 आणि 22 व्या वचनांत पाहावे. करिंथात काही जण आपले जेवण आधीच उरकून घेत, दुसरे उपाशी राहत, आणि पौल विचारतो की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय. तो इशारा उशिरा येणाऱ्या गरिबासाठी लिहिलेला नाही, त्याला मागे टाकून जेवणाऱ्यासाठी आहे. मी स्वतः अनेक वर्षे 27 व्या वचनापासूनच वाचायला सुरुवात करीत असे आणि त्यामुळे हा संदर्भ माझ्या नजरेतून सुटत गेला, याचे मला आजही दुःख आहे.

उत्तर (आर्वी)

मी लहानपणी आईबरोबर वेचणीला जात असे, म्हणून लिहिते. पावसानंतर सुट्टी मागणाऱ्या मजुराला दुसऱ्या दिवशी त्या शेतात काम मिळेलच असे नसते. अनुवाद 5:14 मध्ये विसाव्याची आज्ञा घरधन्यालाच दिली आहे, त्याच्या दासदासींनाही त्याच्याप्रमाणे विसावा मिळावा म्हणून. आणि लगेच पुढे, तूही मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव, असे सांगितले आहे. तेव्हा रविवार मोडल्याचा जाब विचारायचाच असेल तर तो कोणाला विचारायचा? ती बहीण कोणाच्या शेतात वेचत होती, हे दादांनी सांगावे.

वेचणीच्या दिवसांत उपासना संध्याकाळी दिवेलागणीनंतर ठेवता येईल. मात्र तिच्याकडे जाल तेव्हा ‘तुम्हाला माफ केले’ असे म्हणू नका. माफी तुम्ही मागायची आहे.

प्रश्नकर्ता

ताई, दोन दिवस उत्तर लिहिण्याचा धीर झाला नाही. त्यांपैकी दोन रविवार ती आमच्याच शेतात होती. शेत थोरल्या भावाच्या नावावर आहे, पण हिशेब मीच ठेवतो; तिच्या वेच्याचे वजन मी वहीत लिहिले आणि गैरहजेरीही मीच लिहिली. या दोन वह्या मी कधी एकत्र ठेवून पाहिल्याच नाहीत.

काल संध्याकाळी पाळकसाहेब आणि मी तिच्या घरी गेलो होतो. आम्ही दोघांनीही माफी मागितली. तिने आधी आम्हाला पाणी दिले, आणि मग रविवारची उपासना संध्याकाळी किती वाजता ठेवणार, एवढेच विचारले. सात वाजता, असे आम्ही सांगितले आहे. यंदाच्या वेचणीत आमच्या शेतात रविवारी काम होणार नाही, आणि त्या दिवसाची मजुरी आम्ही देऊ. भावाने हे लगेच मान्य केले नाही, पण शेवटी मान्य केले. तो ठराव रद्द करण्याचा विषय मी येत्या बैठकीत मांडणार आहे.