मदत हवी आहे: बंदूक विक्रीचं काम अडकलंय, घेणारा घाई करतोय

सीमेवरचा_गडी
थोडक्यात लिहितो. बाराबोर डबल बॅरल (दुनळी) बंदूक विकायची आहे. परवानाधारकांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर टाकली होती, गिऱ्हाईक लगेच मिळालं. भाव ठरला, इसार घेतला, जिल्ह्याच्या कार्यालयात विक्रीचं पत्र दिलं. आता ४५ दिवस होऊन गेले. विचारलं की "साहेब दौऱ्यावर", "फाईल एसपी ऑफिसला", "पुढच्या आठवड्यात बघू". मी पुण्यात नोकरीला, सारखी रजा कोण देणार? तिकडून घेणाऱ्याचा रोज फोन: बंदूक द्या, नाहीतर इसार परत करा.
४५ दिवस झाले म्हणजे कायद्याने मोकळा ना मी? देऊन टाकू का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. "घरात बंदूक कशाला" असला उपदेश नको.

छर्रा_नंबर_चार
बिनधास्त द्या. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५ वाचा. खासगी वापराची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकताना जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नावपत्ता द्यायचा आणि ४५ दिवस थांबायचं. परवानगी घ्या असं तिथे कुठे लिहिलंय? कारकुनांनी घातलेली पद्धत आहे ती.

पूर्वा_ठाणे
घेणाऱ्याचा परवाना तुम्ही मूळ पाहिलात की व्हॉट्सअॅपवर फोटो? हल्ली कुणाचाही परवाना कुणीही पाठवतं. आणि ग्रुपवर टाकलेल्या फोटोत बंदुकीचा नंबर दिसत असेल तर तो फोटो आधी काढा.

बारनिशी_टेबल (निवृत्त अव्वल कारकून)
छर्रासाहेब, कलम बरोबर सांगितलंत, पण अर्धंच. ४५ दिवस उलटले की विकणाऱ्याने न कळवता विकली असा ठपका येत नाही, इथपर्यंत मान्य. पण बंदूक घेणाऱ्याच्या परवान्यावर चढणार कशी? त्याच्या पुस्तकात नोंद नाही आणि बंदूक घरात, म्हणजे त्याच्याकडे ती बेकायदाच. आणि समोरच्याला ती बाळगायचा हक्क आहे का याची खातरजमा न करता ती हवाली करणं हाही गुन्हा आहे, कलम २९.
मूळ पोस्टकर्ते, चार गोष्टी सांगा म्हणजे पुढे बोलता येईल. परवाना कुणाच्या नावावर? मुदत कधीपर्यंत? पत्राची आवक क्रमांकासह पोहोच आहे का? घेणारा कोणत्या जिल्ह्यातला?

सीमेवरचा_गडी
पोहोच आहे, शिक्का मारून घेतलीय. परवाना वडिलांच्या नावावर, पत्रावर सहीही त्यांचीच. वय ७६, आता त्यांच्याने होत नाही म्हणूनच विकतोय. घेणारा जवळचाच आहे, तासाभराचा रस्ता. म्हणतो मी येऊन घेऊन जातो.

देवरुखचा_नाना
वडील ७६ चे? मग विकता कशाला! २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असली, की हयातीतच वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. आमच्या आजोबांची ठासणीची काकांच्या नावावर झाली. वडिलोपार्जित वस्तू विकायची नसते.

सीमेवरचा_गडी
नाना, फ्लॅटमध्ये राहतो मी. मला नकोय. प्रश्न तो नाही.

जर्सीकर
तुमच्याकडे अवघड आहे खरं. अमेरिकेत एका राज्यातला माणूस दुसऱ्या राज्यातल्या माणसाला खासगी व्यवहारात थेट देऊच शकत नाही. घेणाऱ्याच्या राज्यातल्या लायसन्सधारी डीलरकडे पाठवायची, तो ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेतो, पार्श्वभूमी तपासणी करतो, मग देतो. तपासणी लटकली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे साधारणपणे डीलर देऊ शकतो. बऱ्याच राज्यांचे नियम याहून कडक आहेत. आमचं न्यू जर्सी तर विचारूच नका.

छर्रा_नंबर_चार
बघा, तिथे तीन दिवस आणि इथे ४५ होऊनही हालचाल नाही.

पूर्वा_ठाणे
तिथले तीन दिवस डीलरचे आहेत, खासगी विकणाऱ्याचे नाहीत. वाचा नीट.

बारनिशी_टेबल
"जवळचाच" म्हणजे कुठला? गावाचं नाव नको, जिल्हा सांगा.

सीमेवरचा_गडी
बेळगाव जिल्हा. खानापूर तालुका.

पूर्वा_ठाणे
अहो, ते कर्नाटक झालं! आणि हे इतक्या वेळाने?

सीमेवरचा_गडी
आमचा तालुका सीमेला लागूनच आहे हो. माणूस मराठीच आहे, बाजाराला आम्ही बेळगावलाच जातो. आमच्यासाठी ते काही परराज्य नाही.

डोंगरी_शेतकरी
कर्नाटकात तर परवानाच लागत नाही म्हणतात. तिकडे घरोघरी बंदुका, सणाला पूजा करतात.

बारनिशी_टेबल
ते कोडगू जिल्ह्यातल्या कोडवा समाजाचं. त्यांना आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना ठरावीक बंदुकांसाठी सूट आहे, २०१९ च्या आदेशाने ती २०२९ पर्यंत वाढवली. खानापूरचा त्याच्याशी काही संबंध नाही.
गडी, आता तुमचं. वडिलांच्या परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय, महाराष्ट्र की अखिल भारत? आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर? त्याचा फक्त कर्नाटकापुरता असेल तर इकडे येऊन बंदूक घेऊन तो सीमा ओलांडू शकत नाही. वडिलांचा महाराष्ट्रापुरता असेल तर तेही ती तिकडे नेऊन देऊ शकत नाहीत. तासाभराचा रस्ता असला तरी मध्ये नाका आहे. त्याचा परवाना आत्मसंरक्षणाचा आहे की पीकसंरक्षणाचा तेही पाहा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन होत्या. त्याच्याकडे आधीच दोन नाहीत ना?

छर्रा_नंबर_चार
इतकं कोण बघतं? मी २०१४ ला विकली, महिन्यात काम झालं.

बारनिशी_टेबल
त्याच जिल्ह्यातल्या माणसाला विकली असणार. एकाच कार्यालयात दोन्ही फायली, एकाच टेबलावर. इथे दोन राज्यांतली दोन कार्यालयं एकमेकांना पत्र लिहिणार. तुमचा अनुभव यांना लावू नका.

डोंगरी_शेतकरी
रानडुकरांसाठीच घेत असेल तो. तिकडं जंगल आहे ना. आमच्या उसात तर रात्री कळपच शिरतात. पण नुसती बंदूक असून भागत नाही, मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. मी शेवटी झटका मशीन लावलं, बॅटरीवर चालतं. उसाला तेच बरं. कुणाला माहिती हवी असेल तर वेगळा धागा काढतो.

पूर्वा_ठाणे
काढा, पण इथे नको.

सीमेवरचा_गडी
वडिलांचा परवाना पाहिला. महाराष्ट्रापुरता. घेणाऱ्याचा कर्नाटकापुरता, आत्मसंरक्षण, त्याच्याकडे एकच आहे, दुसऱ्या बंदुकीची खरेदीची मंजुरी आहे म्हणतो. यूआयएन (परवानाधारकाचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) दोघांच्याही परवान्यावर आहे. मुदतीचं म्हणाल तर वडिलांची संपली, पण नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरलाय, चलनाची पावती आहे. ते चालूच आहे, त्याचा विक्रीशी काय संबंध?

बारनिशी_टेबल
सगळा संबंध तोच! मुदत संपलेल्या परवान्यावरच्या बंदुकीच्या विक्रीची टिपणी कुठला कारकून वर पाठवेल? "साहेब दौऱ्यावर" हे तोंडदेखलं. तुमची विक्रीची फाईल नूतनीकरणाच्या फाईलखाली झोपलीय. आधी ते हलवा. तिथे बहुधा पोलीस अहवाल अडकलेला असतो. ठाण्यात जाऊन विचारा की अहवाल कोणत्या जावक क्रमांकाने गेला. गेला नसेल तर हवालदारापासून पुन्हा सुरुवात. अहवाल मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घ्यायची मुभा कलम १३ मध्ये आहे, पण तो अधिकार साहेब सहसा वापरत नाहीत, हेही खरं.
नंतर विक्रीच्या फाईलवर लेखी विचारणा करा: त्रुटी असल्यास कळवा आणि घेणाऱ्याच्या परवाना प्राधिकाऱ्याला पडताळणीचं पत्र गेलं असल्यास त्याचा जावक क्रमांक द्या. खानापूर तालुका म्हणजे ते पत्र बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवं, शहराच्या पोलीस आयुक्तांकडे नाही. हा पत्ता चुकल्याने गेलेले महिने मी पाहिलेत.
आणि बंदूक आत्ता कुठे आहे? घरी असेल तर पावती घेऊन पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा.

माहिती_अधिकार_जिंदाबाद
सरळ माहितीचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. अर्ज पडला की फाईल धावत सुटते.

बारनिशी_टेबल
धावते, पण कधीकधी उलट्या दिशेने. आधी साधं पत्र द्या, उत्तर नाही आलं तर माहितीचा अर्ज आहेच.

गनहाउस_सोलापूर
दुकान आहे म्हणून सांगतो, जाहिरात समजा हवं तर. राज्य बदलत असेल तर हातोहात देऊच नका. तुम्ही इकडच्या डीलरकडे जमा करा, तिकडचा डीलर परवानगीनिशी उचलेल, घेणारा त्याच्याकडून घेईल. दोन्हीकडे कमिशन जातं, पण नोंदी स्वच्छ राहतात. कुरिअर, एसटी पार्सल, ओळखीच्या गाडीची डिकी, यातलं काहीही नको. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की सगळं ठप्प, बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. तेव्हा त्याआधी उरका.

सीमेवरचा_गडी
इसाराचं काय करू? तो आज जरा जास्तच बोलला.

पूर्वा_ठाणे
परत करा, किंवा नवी इसार पावती करा: "दोन्ही परवाना प्राधिकाऱ्यांची मंजुरी व परवान्यावर नोंद झाल्यावरच ताबा". ज्याला खरंच घ्यायची असेल तो सही करेल. एवढं ऐकून माणूस पळाला तर गिऱ्हाईक चुकीचं होतं.

छर्रा_नंबर_चार
मी अजूनही म्हणतो, ४५ दिवस झाले म्हणजे झाले. लोक उगाच घाबरवतात.

बारनिशी_टेबल
मग तुम्ही तुमच्या सहीने लिहून द्या त्यांना तसं.

सीमेवरचा_गडी
काल जाऊन आलो. नूतनीकरणाचा पोलीस अहवाल ठाण्यातच पडला होता, बीट हवालदार बदलून गेला म्हणे. नव्याने घरी येऊन वडिलांचा जबाब घेतला. बेळगावला पत्र गेलंच नव्हतं, नूतनीकरण झालं की जाईल. बंदूक डीलरकडे जमा केली, पावती घेतली. खानापूरच्या गड्याने नव्या इसार पावतीवर सही करून फोटो पाठवला, मूळ टपालाने येतेय. सगळ्यांचे आभार, छर्रासाहेबांचेसुद्धा.

बारनिशी_टेबल
छान. काडतुसं? त्यांचं काय केलंत ते कुठेच लिहिलं नाही.

सीमेवरचा_गडी
ती कपाटात आहेत की. तीही द्यायची असतात का?