मदत हवी आहे: शॉटगन परवान्याच्या बदलांवर हरकती-सूचना कशा लिहाव्यात? (यूके)

चकतीमार

नमस्कार मंडळी,

इथे ब्रिटनमध्ये क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या चकत्यांवर शॉटगनने नेमबाजी) करणारं कोणी असेल, किंवा सरकारी हरकती-सूचनांना उत्तरं लिहायची सवय असलेलं कोणी असेल, तर मला तुमची मदत हवी आहे. धागा लांबलाय, पण विषयच तसा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथला मूळ कायदा १९६८ चा फायरआर्म्स ॲक्ट. त्यात रायफल वगैरे ‘सेक्शन वन’मध्ये येतात आणि साधी शॉटगन (छऱ्यांची बंदूक) ‘सेक्शन टू’मध्ये. सेक्शन वनला प्रत्येक बंदुकीसाठी वेगळं सबळ कारण द्यावं लागतं. कोणती बंदूक, किती काडतुसं जवळ ठेवायची, हे सगळं सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं, आणि आणखी एक घ्यायची तर आधी पोलिसांकडून त्यात बदल करून घ्यावा लागतो. शॉटगनला मुख्यतः माणूस तपासतात. डॉक्टरकडून माहिती मागवतात, पूर्वेतिहास बघतात, अधिकारी घरी येऊन भिंतीला बोल्टने ठोकलेलं पोलादी कपाट हलवून बघतो. एकदा सर्टिफिकेट मिळालं की नवी बंदूक घेतल्यावर सात दिवसांत कळवायचं. मुदत दोन्हीची पाच वर्षं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये होम ऑफिसने (इथल्या गृहखात्याने) जाहीर केलं की शॉटगनचे नियम इतर बंदुकांच्या नियमांच्या आणखी जवळ आणण्याचा विचार आहे आणि त्यावर लोकांची मतं मागवली जातील. त्याच महिन्यात फीसुद्धा वाढली. नवं शॉटगन सर्टिफिकेट ७९.५० पौंडांवरून १९४ वर गेलं, नूतनीकरण ४९ वरून १२६ वर. फीबद्दल माझी तक्रार नाही. तपासणीचा खर्च आपण भरायला हवा, फक्त त्या पैशात तपासणी नीट व्हावी.

आमच्या क्लबने सगळ्या सभासदांना एक नमुना पत्र दिलंय. खाली नाव घाला आणि पाठवून द्या. मला ते पाठवायचं नाही. त्या पत्रात सगळा भर ‘आम्ही कायदा पाळणारी माणसं आहोत’ यावर आहे, आणि १२ ऑगस्ट २०२१ चा साधा उल्लेखही नाही. त्या दिवशी प्लिमथच्या कीहॅम भागात एका माणसाने परवाना असलेल्या शॉटगनने पाच जणांचा जीव घेतला. त्यात तीन वर्षांची एक मुलगी होती. क्लबमधले काही जण म्हणतात की तो विषय आपण काढूच नये, उगाच आपल्याच अंगावर येतं. मला उलट वाटतं. हे सगळं ज्यामुळे सुरू झालं ते टाळून लिहिलेलं उत्तर कोणी का वाचावं? आणि त्यांच्या घरच्यांनी ते वाचलं तर काय वाटेल?

माझं मत असं आहे. त्या माणसाने २०२० मध्ये दोन किशोरवयीन मुलांना मारहाण केली होती. पोलिसांनी त्याची बंदूक आणि सर्टिफिकेट काढून घेतलं होतं. जुलै २०२१ मध्ये दोन्ही परत दिलं, आणि पाचेक आठवड्यांत हे घडलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या चौकशीच्या ज्यूरीने पोलिसांच्या परवाना विभागातल्या गंभीर अपयशावर बोट ठेवलं. म्हणजे कायद्याने दिलेला अधिकार पोलिसांच्या हातात होता, तो एकदा वापरलाही होता, आणि मग सोडून दिला. शॉटगन सेक्शन वनमध्ये असती तरी ‘हा माणूस धोकादायक आहे का’ हा निर्णय त्याच टेबलावर झाला असता. शिवाय दर बंदुकीमागे आणि दर बदलामागे कागद वाढले की त्याच टेबलावरचा ढीग वाढणार. ज्या एका फाइलकडे नीट बघायला हवं, तिच्यासाठी वेळ कुठून येणार?

हे मनापासून पटलेलं आहे. पण लिहायला बसलो की ते ‘दोष पोलिसांचा, आम्हाला सोडा’ असं वाटायला लागतं. तसं मला म्हणायचं नाही.

दुसरी काळजी नवख्यांची. कायद्याच्या कलम ११(६) मुळे पोलिसांची मान्यता असलेल्या जागी आणि वेळी, सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला क्लेवर शॉटगन चालवून बघता येते. मी असाच या खेळात आलो. प्रशिक्षक तुमच्या खांद्यामागे हातभर अंतरावर उभा असतो. बंदूक मधून उघडलेली, नळ्या रिकाम्या आहेत हे सगळ्यांना दिसतं. तो एकच काडतूस तुमच्या हातावर ठेवतो, डावा पाय अर्धं पाऊल पुढे घ्यायला लावतो, गाल लाकडाला टेकलाय का बघतो, आणि मगच बंदूक बंद करायला सांगतो. बार झाला की पुन्हा उघडायची, रिकामं काडतूस बाहेर. इतक्या शिस्तीत शिकवलेली दुसरी कुठलीच गोष्ट मी पाहिलेली नाही. शॉटगन सेक्शन वनमध्ये गेली आणि ही सवलत तिच्याबरोबर आली नाही, तर नवं माणूस येणार कुठून? याबद्दल नमुना पत्रात एक ओळही नाही.

तर प्रश्न:
नमुना पत्राला काही वजन असतं का? कीहॅमबद्दल कसं लिहावं? आणि विरोध करताना पर्याय सुचवावा की नुसता विरोध पुरतो?

---

कौन्सिलवाली

मी एका स्थानिक कौन्सिलमध्ये नियोजनाच्या हरकती वाचते. होम ऑफिसचं काम वेगळं असेल, पण वाचणारी माणसं आमच्यासारखीच. एकाच मजकुराची पत्रं आली की आम्ही ती एका गठ्ठ्यात टाकतो आणि ‘अमुक इतक्यांनी हा मुद्दा मांडला’ असं लिहून पुढे जातो. आकडा दिसतो, मुद्दा एकच राहतो. तुमचा ११(६) चा परिच्छेद मात्र मी वेगळा काढून वरिष्ठांना दाखवला असता, कारण त्यातून नियम लिहिणाऱ्याला कदाचित न सुचलेला परिणाम कळतो.

प्रश्नावली असेल तर तिच्याच क्रमाने उत्तर द्या. आठव्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्यात लिहिलंत तर ते आठव्याच्या हिशेबात धरलं जाईलच असं नाही. जे पटतं तिथेही ‘हो’ लिहा, रिकामं सोडू नका. सगळीकडे ‘नाही’ लिहिणाऱ्याचं ‘नाही’ हलकं होतं.

आणखी एक. इथे १९८५ च्या एका खटल्यापासून ‘गनिंग तत्त्वं’ मानली जातात: निर्णय पक्का होण्याआधी मतं मागवावीत, विचार करता येईल इतकी कारणं द्यावीत, पुरेसा वेळ द्यावा, आणि आलेली मतं मनापासून विचारात घ्यावीत. म्हणून प्रस्तावात कारण दिलेलं नसेल तर ‘या बदलाने नेमका कोणता धोका किती कमी होईल, ते सांगा’ असं सरळ विचारा. हा प्रश्न नोंदलेला राहणं महत्त्वाचं असतं.

---

दवाखाना

मी जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर आहे. चकतीमार, तुमची तळमळ कळते, तरी मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो. नोव्हेंबर २०२१ पासून डॉक्टरकडून वैद्यकीय माहिती आल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही, आणि आता रुग्णाच्या नोंदीवर बंदूकधारक असल्याची खूणही असते. त्याचा उपयोग होतो. पण पेशंट समोर येतो तेव्हाच मला काही कळणार. जो येतच नाही त्याचं काय? घरात बंदूक असलेला माणूस नैराश्यात असतो तेव्हा ती कोणत्या सेक्शनमधली आहे याने त्याच्या बायकोला फरक पडत नाही. दोन्हींना सारखेच निकष का नसावेत, हे मला अजून पटवून दिलेलं नाहीत तुम्ही.

---

चकतीमार

डॉक्टर, हा प्रश्न विचारलात ते बरं झालं. माणसाच्या तपासणीचे निकष दोन्हींना अगदी सारखे असावेत, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि उत्तरात मी तो सगळ्यात आधी लिहीन. घरच्यांशी स्वतंत्रपणे बोलावं, मधल्या पाच वर्षांत काही घडलं तर लगेच फाइल उघडावी, हेही मला हवं आहे. माझा विरोध प्रत्येक बंदुकीचं वेगळं कारण मागण्याला आहे. माणूस एकदा सुरक्षित ठरला की ट्रॅपसाठी एक आणि स्कीटसाठी दुसरी (हे क्ले शूटिंगचेच दोन प्रकार) बंदूक ठेवल्याने तो जास्त धोकादायक होत नाही. आणि जो सुरक्षित नाही त्याच्याकडे एकही नको. तुम्ही म्हणता त्या घरातल्या बायकोला या कागदाने काय मिळणार?

कौन्सिलवाली ताई, क्रमाचं लक्षात ठेवतो. धन्यवाद.

---

दुनळी

बरीच वर्षं स्कीट खेळते. एक मुद्दा सुटला. आत्ता सर्टिफिकेट असलेल्या दुसऱ्या नेमबाजाला मी माझी शॉटगन ७२ तासांपर्यंत पोलिसांना न कळवता देऊ शकते. स्पर्धेच्या दिवशी कोणाचा फायरिंग पिन तुटला तर शेजारचा आपली दुसरी बंदूक काढून देतो, आणि त्याचा दिवस वाचतो. सेक्शन वनसारखं झालं तर ते बंद होईल. हे उदाहरण घाला, पण असं तुमच्याबाबत झालं असेल तरच. ऐकीव गोष्ट घालू नका.

पर्याय नक्की सुचवा. इंग्लंड-वेल्समध्ये ४३ पोलीस दलं आहेत आणि प्रत्येकाचा परवाना विभाग वेगळा. एकीकडे नूतनीकरण वेळेत होतं, दुसरीकडे माणूस वाट बघत राहतो. कीहॅमसारखा निर्णय कोणत्याही एका विभागातल्या एका-दोघांवर सोडू नये, काढून घेतलेली बंदूक परत देताना वरच्या अधिकाऱ्याची सही आणि दुसऱ्या दलाकडून पडताळणी असावी, असं मी लिहिणार आहे. वाढलेली फी थेट त्याच विभागांवर खर्च होते का, हेही विचारा.

आणि कीहॅमबद्दल: पहिल्याच परिच्छेदात लिहा, पण दोन वाक्यांत. गेलेल्या माणसांचा उल्लेख करा, काय चुकलं ते चौकशीच्या निष्कर्षातून सांगा, स्वतःचं विशेषण लावू नका. मग थेट तुमच्या मागणीवर या.

---

दवाखाना

बंदूक परत देताना दुसऱ्या दलाची पडताळणी, हे मला पटलं. त्यात जीपीचं ताजं पत्रही सक्तीचं करा असं जोडा. जुन्या पत्रावर निर्णय होऊ नये.

---

चकतीमार

जोडतो, डॉक्टर. सुरुवात अशी केली आहे, बघून सांगा:

“१२ ऑगस्ट २०२१ रोजी कीहॅममध्ये पाच जणांचा मृत्यू झाला. त्याआधी काढून घेतलेली शॉटगन परत देण्यात आली होती, आणि परवाना विभागाचे अपयश चौकशीत नोंदवले गेले आहे. म्हणून माझी पहिली मागणी अशी, की काढून घेतलेली बंदूक परत देण्याचा निर्णय दुसऱ्या दलाच्या पडताळणीशिवाय आणि अर्जदाराच्या डॉक्टरच्या ताज्या पत्राशिवाय होऊ नये.”

इंग्रजीत पाठवायचंच आहे, पण आधी मराठीत लिहिलं की माझं म्हणणं मला नीट दिसतं. पुढचा परिच्छेद ११(६) चा. दुनळीताई, तुमच्या क्लबला ही मान्यता आहे का? असेल तर गेल्या हंगामात किती नवखे त्या मार्गाने आले, हा आकडा क्लबच्या वहीतून मिळेल का? आमच्या सेक्रेटरीकडे मी आजच मागितला आहे.